राहून गेलेली उत्तरपूजा

लोकांनी वस्तूंना हात लावू नये म्हणून स्टुलावर बसून राहायचं, हे माझं काम होतं. मुंबईत पाच वर्षं चित्रकला शिकून, डिप्लोमाला बक्षीस वगैरे मिळवून, ओहायोत येऊन मी राखणदार झाले होते. तिथल्याच डब्लिन गावातल्या आमच्या घरापासून युनिव्हर्सिटीची ती गॅलरी गाडीने अर्ध्या तासावर. नवरा इंजिनीअर, मुलगी अडीच वर्षांची, ती सकाळपासून डे-केअरला. घरात कार्पेटकडे बघत बसण्यापेक्षा स्टूल बरं, असा विचार करून मी ती नोकरी धरली होती. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका विचारायच्या, म्युझियममध्ये नक्की काय करतेस. मी सांगायची, नको म्हणते. दिवसभरात माझ्या तोंडून ‘प्लीज डोन्ट टच’ एवढंच वाक्य निघायचं, त्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. त्या वर्षी पानं रंगायला लागली त्या सुमाराला आमच्या गॅलरीत डाडावाद्यांचं प्रदर्शन लागलं. या नावावरून मराठी मंडळीत जे विनोद व्हायचे ते सगळे झाले, ते मी इथे लिहीत नाही. पहिलं महायुद्ध चालू असताना युरोपातल्या काही तरुण चित्रकारांचं आणि कवींचं डोकं फिरलं, तिथून ही चळवळ सुरू झाली. शहाणीसुरती माणसं खंदकात बसून एकमेकांना मारणार असतील, तर त्या शहाणपणाची आणि त्याच्या सुंदर कलेची चाड आपण कशाला बाळगायची, असा त्यांचा सवाल. मग कुणी वर्तमानपत्राची कात्रणं टोपीत टाकून हाताला येतील तशी वाचली आणि त्यांना कविता म्हटलं. कुणी दुकानातून एखादी साधी वस्तू विकत आणली, तिच्यावर सही केली आणि ही कलाकृती आहे असं जाहीर केलं. का, तर मी म्हणतो म्हणून. लोक चिडले, शिट्ट्या मारल्या, शिव्या दिल्या. कॉलेजात असताना मला हा उद्धटपणा फार आवडायचा. माझा स्वभावही तसाच होता, कुणी नियम सांगितला की आधी डोक्यात तिडीक जायची.

पण गॅलरीत त्या वस्तू वेगळ्या दिसायच्या. सत्तर वर्षांत त्यांच्यावर रागावणारं कुणी उरलं नव्हतं. शिंप्याच्या दुकानातला बिनडोक्याचा पुतळा, त्याच्या छातीवर कुलूप. तोंड शिवून टाकलेला एक हातमोजा, आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. आणि माझ्या स्टुलासमोर, दोरीच्या आत, एक साधी लाकडी खुर्ची. स्वयंपाकघरात असते तसली, पाठीवर कोपऱ्यात सही. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की मूळ खुर्ची युद्धाच्या गडबडीत हरवली. ही दुसरी, पुष्कळ वर्षांनी कलाकाराने बाजारातून आणलेली, आणि हीच ती, असं त्याने सही करून सांगितलेली.

दुपारी तीननंतर तिकडे कुणी फिरकत नसे. हीटिंगचा आवाज तेवढा चालू. समोर खुर्ची आणि इकडे मी. शाळेच्या सहली यायच्या, मुलं पुतळ्याला वेडावून दाखवायची, हातमोज्याकडे बोटं करायची, पण खुर्चीपाशी आली की दोरीपासून जरा लांबूनच जायची. एकदा मी तिच्यासमोरून जाताना माझ्या तोंडून ‘एक्स्क्यूज मी’ निघालं. निघाल्यावर मी थांबले, इकडेतिकडे बघितलं, आणि कुणी ऐकलं नाही याची खात्री करून स्टुलावर जाऊन बसले.

बाबा आले ते याच दिवसांत. ते मिरजेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, नुकतेच रिटायर झाले होते. घरी एकटेच असतात म्हणून सहा महिन्यांसाठी मी त्यांना बोलावून घेतलं. आई जाऊन अडीच वर्षं झाली होती. म्हणजे माझी मुलगी जेवढ्या वयाची, तेवढीच. माझ्या बाळंतपणाला आई येणार होती. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, बॅगही भरायला घेतली होती, आणि तिच्याऐवजी फोन आला. मला आठवा महिना होता. डॉक्टरने विमानाचं नाव काढू दिलं नाही. त्या खरखरत्या फोनवर आई गेल्याचं कळलं, एवढाच तिचा मृत्यू माझ्या वाट्याला आला. धाकट्या बहिणीचं लग्न आधीच ठरलेलं होतं म्हणून ते वर्षाच्या आत झालं. तान्ही मुलगी घेऊन मला त्यालाही जाता आलं नाही.

बाबा कधी देवाधर्मातले नव्हते. घरात पूजा आई करायची, बाबांना आरतीसुद्धा दोन ओळींपलीकडे येत नसे. लहानपणी आम्हा बहिणींना भुताची भीती वाटली की ते कंदील घेऊन आम्हाला परसात न्यायचे, सावली कशी पडते ते दाखवायचे आणि वर प्रश्न विचारायचे. असा माणूस आमच्याकडे आला आणि पहिल्याच दिवशी जेवायला बसताना आधी शेजारची खुर्ची टेबलापासून जराशी मागे ओढली, मग स्वतः बसला. मला वाटलं, हात पोचायला अडचण होत असेल.

मग माझ्या लक्षात आलं की ते अर्धंच जेवतात. पोळी वाढली की तिचे सरळ दोन भाग. भाताचे दोन ढीग, भाजीचे दोन. एक भाग खायचा आणि दुसरा ताटाच्या कडेला, त्या खुर्चीच्या बाजूला सारून ठेवायचा. जास्त वाढलं तर त्याचेही दोन भाग व्हायचे. विचारलं तर म्हणायचे, एवढंच लागतं गं आता. महिन्याभरात त्यांचे शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले. नवऱ्याच्या ओळखीच्या एका डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या. हे असंच चालू राहिलं तर थंडी काढणं त्यांना कठीण जाईल, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. एकीला मी बघू शकले नव्हते, आणि हे माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच टेबलावर कमी कमी होत चालले होते.

उलगडा झाला तो ड्रायरमुळे. एका शनिवारी मी कपडे लावले आणि आत काहीतरी खडखडायला लागलं. खिशात नाणं राहिलं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. तेवढ्यात बाबा जिन्यावरून धावत खाली आले. त्यांना असं धावताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी ड्रायरचं दार उघडलं, गरम कपड्यांत हात घालून चाचपलं आणि एक सुपारी बाहेर काढली. चटका बसत होता तरी ती हातातून सोडेनात. तळहातावर धरून तिच्यावर फुंकर घालत राहिले.

मग तिथेच, कपड्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी सांगितलं. बहिणीच्या लग्नात कन्यादानाला आईवडील दोघं बसावे लागतात. काका-काकू तयार होते, पण बाबांनी स्वतःच बसायचं ठरवलं. गुरुजी म्हणाले, हरकत नाही, पत्नीच्या जागी सुपारी घ्या. त्यांनी मंत्र म्हणून एक सुपारी बाबांच्या कमरेला खोचायला दिली आणि आता आपण सपत्नीक बसा म्हणाले. विधी झाले. संध्याकाळी निघायची घाई होती, वऱ्हाडाची बस उभी होती. गुरुजींनी गणपतीवर, कलशावर, सगळ्यांवर अक्षता टाकून भराभर उत्तरपूजा उरकली. बाबांच्या कमरेची सुपारी मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाही. रात्री घरी आल्यावर धोतर सोडताना ती बाबांच्या हाताला लागली.

मी म्हटलं, ‘बाबा, दुकानातली सुपारी आहे ती. तुम्ही आम्हाला कंदील घेऊन परसात न्यायचात ना?’

‘मी कुठे म्हणतो, ती इथे आहे म्हणून?’ बाबा शांतपणे म्हणाले. ‘मी एवढंच म्हणतोय, की तिला बोलावलं आणि परत पाठवलं नाही.’

आणि अर्ध्या ताटाचं काय, तर बोलावून आणलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं का, असं त्यांनी मलाच विचारलं. वर्गात गणिताची पायरी समजावतात तशा आवाजात. त्या सुपारीशी ते कधी बोलत नसत, तिला फुलं वाहत नसत, रडत नसत. मी वेडाची काहीतरी खूण शोधत होते आणि ती सापडत नव्हती.

मला राग आला होता हे कबूल करते. तो हळूहळू भीतीत बदलत गेला. आमच्या घरात दिवाळीच्या आदल्या रविवारी मंडळातले लोक जेवायला आले होते. माणसं जास्त, बसायला जागा कमी. कार्पेटवर, जिन्यावर, मिळेल तिथे लोक ताटल्या घेऊन बसले होते, काही उभे होते. आणि टेबलापाशी बाबांच्या शेजारची खुर्ची रिकामी. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, नवऱ्यानेही नाही. पीएचडी करणारा नागपूरचा एक मुलगा ताट घेऊन तिच्याकडे गेला, बसायला वाकला आणि अर्ध्यातच सरळ झाला. ‘सॉरी वहिनी,’ तो मला म्हणाला, ‘इथे कुणी बसलंय का?’ मी म्हटलं, नाही रे, बस ना. तो ‘नाही नाही, इट्स ओके’ म्हणत भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि उभ्यानेच जेवला. त्या खुर्चीला दोरी नव्हती, पाटी नव्हती. तरी त्या दिवशी शेवटपर्यंत तिच्यावर कुणी बसलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी नवरा ओट्याशी उभा राहून विचारत होता, हा बिनसाखरेचा चहा कोणासाठी? मी बघितलं तर तीनच्या जागी चार कप भरलेले होते. त्यातला एक मी साखर घालायच्या आधीच बाजूला काढून ठेवला होता. आमच्याकडे बिनसाखरेचा चहा कुणी घेत नाही. आईला डायबेटीस होता. सांगायचं म्हणजे, मी तो कप काढल्याचं मला आठवतच नव्हतं. नवऱ्याने तो बेसिनमध्ये ओतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘अगं, आपण बाबांचं तिकीट अलीकडचं करूया का?’ तो चांगला माणूस आहे. तो घाबरला होता.

मी एक उपाय केला. गॅलरीला सुट्टी होती त्या दिवशी डायरेक्टरबाईंची परवानगी घेऊन बाबांना प्रदर्शन बघायला नेलं. माझा हिशोब सरळ होता. वस्तू ही वस्तूच असते, कुणीतरी काहीतरी म्हटल्याने तिचं काही होत नाही, आणि तसं मानणारे लोक जगभर हास्यास्पदच दिसतात, हे विज्ञानाच्या मास्तरांना डोळ्यांनी दिसलं की पुरे. डाडावाद्यांची सगळी कथा मी त्यांना गाडीत सांगितली, जरा चढवूनच सांगितली.

बाबा हसले नाहीत. पुतळ्यापाशी थांबले, हातमोज्यापाशी जास्त वेळ थांबले. खुर्चीपाशी आल्यावर त्यांनी पाटी दोनदा वाचली. मग चपला काढाव्या की नाही अशा विचारात असल्यासारखे पायांकडे बघत उभे राहिले.

‘मूळ हरवली,’ ते म्हणाले. ‘ही तिच्या जागी.’

‘हो.’

‘आणि हीच ती, असं त्याने म्हटलं.’

‘हो, पण तो त्यांचा विनोद होता, बाबा. लोकांना चिडवायला.’

‘म्हणताना विनोद असेल,’ बाबा म्हणाले. ‘पण मग आता तू तिच्यावर बसून दाखव.’

मी दोरीकडे बघितलं. ही प्रदर्शनातली वस्तू आहे, म्हटलं, हात लावता येत नाही. बाबांनी मान हलवली. त्यांना एवढंच हवं होतं असं दिसलं.

तेवढ्यात डायरेक्टरबाई आल्या. साठीच्या, पांढरे केस, या विषयावर आयुष्य घालवलेल्या. बाबांनी त्यांना त्यांच्या जुन्या पद्धतीच्या, मोजूनमापून बोललेल्या इंग्रजीत विचारलं, की ही खुर्ची पुन्हा साधी खुर्ची करायची असेल तर ते कोण करू शकतं? मला वाटलं बाई हसतील. पण त्यांना प्रश्न आवडला. म्हणाल्या, फक्त ज्याने म्हटलं तोच ते परत घेऊ शकला असता. तो आता नाही. त्यामुळे आता कुणीच नाही, आम्ही तर नाहीच. बाबांनी विचारलं, आग लागून ही जळून गेली तर? तर मग हीसुद्धा हरवलेली होईल, बाई म्हणाल्या, पण असेल मात्र. त्यांच्या बोलण्यात कसलाही गूढपणा नव्हता, त्या आपल्या कामाचं बोलत होत्या.

परतताना बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. पाच-सव्वापाचलाच अंधारायला लागलं होतं, शेतं संपून घरं सुरू झाली तरी दिवे फार थोड्या खिडक्यांत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘आपले गुरुजी मागच्या वर्षी गेले.’

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की या माणसाला बायको धरून ठेवायची नाहीये. तिला सोडायचं कसं हे त्यांना समजत नव्हतं, आणि जो सोडवू शकला असता तो गेला होता. ते सांगत होते, की मी मेलो तर ही सुपारी कुठल्या तरी डब्यात पडेल, आणि ती तशीच राहील, ताटकळत. तिला ताटकळत बसायची किती चीड होती, तुला माहीत आहे. एवढं बोलून ते खिशात हात घालून बसले. मी म्हटलं, बाबा, यजमान तुम्ही होतात. गुरुजींनी नुसतं सांगितलं, बोलावणं तुमचं होतं. तुम्ही परत पाठवू शकता. ते त्या बाईंच्या नियमात बसतं. हे मी त्यांना जेवायला लावायचं म्हणून बोलले, की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं, हे आज मला सांगता येणार नाही.

आमच्या मंडळात पूजेला गुरुजी नसत, कॅसेट असे. देशातून कुणीतरी आणलेल्या एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी ती सगळ्या घरांत पोचली होती. त्यातले गुरुजी सांगायचे, आता अक्षता वाहाव्या, आणि मग थोडा वेळ नुसती खरखर, तेवढ्यात आपण अक्षता वाहून घ्यायच्या. कुणाचा फोन वाजला तर पॉज करायचं. सत्यनारायण, गणपती, वास्तुशांत सगळं त्यावर झालेलं. मी गणेशपूजेची कॅसेट मागून आणली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी उत्तरपूजा होती.

आदल्या संध्याकाळी बाबांनी ती एकदा ऐकून घेतली. शेवटचा मंत्र त्यांनी मागे नेऊन पुन्हा ऐकला. तो आपल्या सगळ्यांच्या कानावरचा आहे, गणपती पोचवताना म्हणतात तो. आपापल्या स्थानी परत जा, असं सांगून शेवटी म्हणायचं, पुनरागमनाय च. पुन्हा येण्यासाठी.

‘हे शेवटचं म्हणायलाच हवं का?’ बाबांनी विचारलं. ‘गणपतीचं ठीक आहे, त्याला दर वर्षी यायचंच असतं. हिला पुन्हा कशाला ओढायचं? सुटू दे.’

मी म्हटलं, नका म्हणू. तिथे टेप थांबवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा मुलीला घेऊन लायब्ररीत गेला. तो मुद्दाम गेला, मी सांगायच्या आधीच त्याने तिचा कोट घातला होता. बाहेर वर्षातला पहिला बर्फ पडत होता, आवाज न करता. बाबांनी आंघोळ केली, धोतर नेसले. एका वाटीत तांदूळ घेऊन त्यावर सुपारी ठेवली आणि ती वाटी त्या खुर्चीवर मांडली. मी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून बटण दाबलं. कितीतरी वेळा उतरवून घेतलेला तो आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. आता गंध. आता फूल. फुलाऐवजी मी किराणा दुकानातून आणलेल्या गुच्छातली एक पिवळी शेवंती दिली. आता अक्षता. खरखर सुरू झाली तेव्हा मी खुर्चीकडे बघत नव्हते. बाबांच्या हाताकडे बघत होते. हात स्थिर होता.

आता मूर्ती स्थानावरून किंचित हलवावी, आवाज म्हणाला. बाबांनी बोटाने सुपारी तांदळात जराशी सरकवली. वाटी स्टीलची होती, तिचा अगदी बारीक आवाज झाला. आणि मला खुर्चीचा आवाज आला. लाकडी खुर्चीतून कुणी उठताना येतो तेवढाच. बाबांनीही तो ऐकला असावा, कारण ते थोडे मागे सरकले, वाट देण्यासाठी सरकतात तसे. हीटिंग चालू-बंद होताना त्या घरात लाकूड वाजायचं, हे मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं.

मंत्र सुरू झाला. बाबांचा अंगठा बटणावर होता. बरोबर त्या दोन शब्दांच्या आधी त्यांनी तो दाबला. टेप खट् करून थांबली. सगळं घर गप्प झालं. व्हायला पाहिजे होतं ते झालं होतं, मला हवं होतं तसं. आता बाबा जेवतील, बरे होतील, मार्चमध्ये हलके होऊन परत जातील. मी हे सगळं मनात म्हणत होते, आणि त्याच वेळी माझ्या तोंडून मोठ्याने निघालं,

‘पुनरागमनाय च.’

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘तिला पाठवा म्हणून तूच मागे लागली होतीस.’

मला हुंदका आवरेना. अडीच वर्षांत मी आईसाठी रडले नव्हते. आधी पोटातलं मूल होतं, मग तान्हं मूल होतं, मग सवय झाली. ‘तुमच्याकडून जायला हवी होती, बाबा,’ मी म्हटलं. ‘तुमच्याकडे ती दोन वर्षं होती. माझ्याकडे ती यायचीच राहिलीय. बॅग भरून राहिलीय.’

माझ्या पाठीवर हात ठेवावा असं बाबांना वाटलं असेल, पण हात अक्षतांचा होता, तो त्यांनी तसाच अधांतरी धरला. मग ते खुर्चीकडे वळले. इतक्या महिन्यांत एकदाही ते तिच्याशी शब्द बोलले नव्हते. आता बोलले, घरातल्या घरात बोलायच्या साध्या आवाजात.

‘ऐकलंस ना? आता तुझं तू ठरव.’

आणि धोतराला हात पुसत ते स्वयंपाकघरात गेले. भांड्यांवरची झाकणं उघडल्याचा आवाज आला, मग डाव घेतल्याचा. भूक लागल्यावर माणूस वाढून घेतो तसं ते स्वतःच्या हाताने वाढून घेत होते. मी टेबलाशी उभी होते, खुर्ची माझ्यापासून हातभर अंतरावर. मला भयंकर भीती वाटत होती. आणि तिने जाऊ नये, निदान मी डोळे पुसून वर बघेपर्यंत तरी जाऊ नये, असं वाटत होतं. म्हणून मी पुष्कळ वेळ डोळे पुसले नाहीत.